विंचवाचं बिऱ्हाड आणि रोज सकाळी उलटणारी तारीख

प्रश्न: मॅडम, मी एका मोठ्या ऑफिसात अकाउंट्स विभागात आहे. आमचे सगळे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडलेले आहेत, प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड. गेले पाच महिने मी एकाच गोष्टीने वैतागले आहे. रोज सकाळी लॉगिन केलं की तारखेचा फॉरमॅट उलटा झालेला असतो, आधी महिना आणि मग दिवस. मराठी कीबोर्ड यादीतून गायब. आणि डीफॉल्ट प्रिंटर भलताच. परवा एक व्हाउचर लेबलांच्या रोलवर छापून आलं, हातभर लांब पट्टी! मी रोज सगळं नीट लावते, दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. आयटीवाल्यांनी कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट केला, शेवटी नवा आणून दिला. फरक शून्य. शेजारचे सहकारी माझ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाने बसले तर त्यांचं सगळं व्यवस्थित. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले की तिथेही माझं तेच रडगाणं. फाइल मात्र आजवर एकही गेलेली नाही. आता आयटीवाले म्हणतात, ‘तुमच्याच हातून काहीतरी दाबलं जातं.’ साहेबांसमोर म्हणाले, ते फार लागलं.

ता. क. गेल्या महिन्यात रेकॉर्ड रूम रंगकामासाठी चार दिवस बंद होती, दुपारचं तिथलं काम वाचलं म्हणून जरा निवांत होते. त्या दिवसांत हा त्रास झाला नव्हता बहुतेक. की माझंच लक्ष नव्हतं, कोण जाणे.

उत्तर: तुमच्या हातून काहीही दाबलं जात नाही, हे आधी सांगते. आणि साहेबांना हे पान दाखवायला माझी हरकत नाही.

तुमचं पत्र वाचताना पहिल्या परिच्छेदापर्यंत माझ्या डोक्यात तीन-चार शक्यता होत्या. ताजा कलम वाचला आणि एकच उरली. तरी खात्री करायला मी तुम्हाला दोन प्रश्न उलट विचारले होते. पहिला, रेकॉर्ड रूममधला कॉम्प्युटर सोडताना तुम्ही काय करता? तुम्ही लिहिलंत, ‘विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करते आणि जागेवर येते.’ दुसरा, मग तो बंद कोण करतं? ‘शिपाई करतात, रात्री आठच्या सुमाराला, सगळ्या खोल्या बंद करताना.’ आणि तुम्ही स्वतः घरी जाता सहाला.

या सहा आणि आठमध्येच सगळा घोळ आहे.

आपण एखाद्या नेटवर्कवर स्वतःच्या नावाने लॉगिन करतो तेव्हा आपल्यासोबत एक गाठोडं येतं. त्याला प्रोफाइल म्हणतात. त्यात आपला डेस्कटॉप, आपल्या प्रोग्रॅमच्या आवडीनिवडी, आणि एक लपवलेली फाइल असते, तिचं नाव एनटीयूजर डॉट डॅट. तारीख कशी दाखवायची, कोणते कीबोर्ड यादीत हवेत, डीफॉल्ट प्रिंटर कोणता, नेटवर्कवरचे कोणते प्रिंटर जोडलेले आहेत, हे सगळं त्या एका फाइलीत असतं. मशिनचं असं त्यात काही नसतं, सगळं तुमचं. म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर सहकारी बसले तर त्यांना त्रास नाही, कारण ते स्वतःचं गाठोडं उघडतात.

हे गाठोडं काही ऑफिसांत त्या त्या कॉम्प्युटरवरच राहतं. काही ठिकाणी ते सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर ठेवतात, म्हणजे तुम्ही कुठल्याही टेबलावर बसा, तुमचं सगळं तुमच्यासोबत हजर. याला रोमिंग प्रोफाइल म्हणतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. लॉगिन केलं की सर्व्हरवरची प्रत त्या कॉम्प्युटरवर उतरते, दिवसभर तुम्ही तिथल्या प्रतीवर काम करता, आणि साइन आउट केलं की ती परत सर्व्हरवर चढते. दिवसभरात मधे ही फाइल चढत नाही, हे लक्षात ठेवा. चढते ती जाताना.

विंचू एका वेळी एकाच जागी असतो तोवर सगळं छान. तुम्ही रोज दुपारी दोन ठिकाणी असता.

तुमचा एक दिवस घेऊ. सकाळी तुम्ही जागेवर तारीख नीट केलीत. हा बदल अजून फक्त तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आहे. दुपारी रेकॉर्ड रूममध्ये लॉगिन केलंत. तिथे सर्व्हरवरची प्रत उतरली, म्हणजे काल रात्रीची, उलट्या तारखेची. तिथे तुम्ही जुन्या फाइलींचे नंबर टाकले, लेबलं छापली, स्क्रीन लॉक केली आणि आलात. लॉक करणं म्हणजे साइन आउट नव्हे. ती प्रत तिथे उघडीच राहिली. सहाला तुम्ही जागेवरून साइन आउट केलंत, चांगली प्रत सर्व्हरवर चढली. आठला शिपायाने रेकॉर्ड रूमचा कॉम्प्युटर बंद केला. बंद होताना विंडोज आत अडकलेल्या माणसाला आपणहून साइन आउट करतं, आणि मग तिथली प्रत चढली. सहाच्या प्रतीवर आठची बसली. एनटीयूजर डॉट डॅट ही सबंध एक फाइल आहे. यातली तारीख इथून घेऊ आणि प्रिंटर तिथून घेऊ असं विंडोज करत नाही. शेवटी येईल त्याची फाइल राहते.

सकाळी तुमच्या कॉम्प्युटरने पाहिलं, आपल्याकडची प्रत सहाची, सर्व्हरवरची आठची. नवी ती खरी म्हणून त्याने आठची उतरवून घेतली.

आता गंमत बघा. तुमची सेटिंग रात्री कुणी बदलत नाही. ती बदललेली टिकतच नाही. रेकॉर्ड रूमची प्रत सर्व्हरवर जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच रेकॉर्ड रूममध्ये उतरते, पुन्हा रात्री तीच वर जाते. या फेऱ्यात तुमच्या टेबलावरच्या बदलाला शिरायला जागाच नाही. तुमचं खातं पहिल्यांदा उघडलं तेव्हा विंडोजने जी अमेरिकन पद्धतीची तारीख दिली होती, ती गेले पाच महिने अशी वर-खाली करते आहे. रेकॉर्ड रूममध्ये तुम्हाला ती खटकली नाही, कारण तिथे तुम्ही फक्त नंबर टाकता. रेकॉर्ड रूम चार दिवस बंद होती तेव्हा आठची प्रत आलीच नाही आणि सहाची टिकली. खोली उघडल्यावर त्रास परत आला, त्यावरून तिथला कॉम्प्युटर ते चार दिवस लॉक केलेला पण चालूच राहिला असावा आणि जुनी प्रत नंतर बंद होताना वर चढली असावी.

आणि फाइली कधीच का गेल्या नाहीत? डॉक्युमेंट्स फोल्डर बहुतेक ऑफिसांत थेट सर्व्हरवर वळवलेला असतो. तो उतरत नाही आणि चढतही नाही, जागच्या जागी राहतो. त्यामुळे ज्याची खरी काळजी ते शाबूत, आणि बारीकसारीक तेवढं रोज विस्कटलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटणारच की ही बाई काहीतरी दाबते.

लेबलाच्या रोलचं कोडं मात्र थोडं वेगळं आहे. नोव्हेंबर 2015 च्या अपडेटपासून विंडोज 10 मध्ये प्रिंटरच्या पानावर एक पर्याय आला: ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’. तो चालू असला की त्या जागी तुम्ही शेवटचं ज्यावर छापलं तो प्रिंटर आपोआप डीफॉल्ट होतो. तुम्ही दुपारी लेबलं छापलीत, लेबलांचा प्रिंटर डीफॉल्ट झाला, ते गाठोड्यात बांधलं गेलं आणि सकाळी तुमच्या टेबलावर उघडलं. हा पर्याय मला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. ज्याच्याकडे एकच प्रिंटर आहे त्याला त्याचा उपयोग नाही, आणि ज्याच्याकडे दोन आहेत त्याला तो गोत्यात आणतो. उलट टपाली तुम्ही लिहिलंत की तो तुम्ही दहादा बंद केलात. केलात, पण टेबलावर. तेही पुसलं गेलं.

आता कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट केल्याबद्दल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तुमचं गाठोडं सर्व्हरवर सुखरूप होतं. कोऱ्या कॉम्प्युटरवर तुम्ही पहिल्यांदा लॉगिन केलंत तेव्हा तेच जसंच्या तसं उतरलं. नव्या कॉम्प्युटरवरही तेच. खरं तर तुमच्या पत्रातली दोन वाक्यं कुणी शांतपणे ऐकली असती तर स्क्रू ड्रायव्हर काढायची गरज नव्हती: सहकारी माझ्या जागेवर बसले तर ठीक, मी त्यांच्या जागेवर बसले तर बिघाड. बिघाड माणसासोबत फिरतो की मशिनपाशी राहतो, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. माणसासोबत फिरत असेल तर मशिनला हात लावू नका.

पण मी फार बोलू नये. पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्वतः एका ऑफिसात सिस्टिम सांभाळत होते तेव्हा एका बाईंच्या मेलची सही रोज जुनी व्हायची. पद वाढलं होतं, सहीत जुनंच पद यायचं. मी त्यांना अगदी हेच म्हणाले होते, की तुमच्या हातून काहीतरी होत असणार. तीन आठवडे म्हणत होते. एकदा दुसऱ्याच कामासाठी रात्री थांबले आणि सर्व्हरवर त्यांचं प्रोफाइलचं फोल्डर उघडं होतं. एनटीयूजर डॉट डॅटसमोर बदलाची वेळ होती रात्रीचे 8 वाजून 10 मिनिटं. बाई साडेपाचला निघून जायच्या. कोण मग हे आठ दहाला? मीटिंग रूममधला कॉम्प्युटर. सादरीकरणासाठी त्या तिथे लॉगिन करायच्या आणि झाकण लावून निघून यायच्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही. तुमच्या आयटीवाल्यांना सांगा, सर्व्हरवर तुमच्या प्रोफाइलमधली ही फाइल लपवलेली आहे, लपवलेल्या फाइली दिसतील असं करून तिची वेळ पाहा. सहाची आहे की आठची? वाद तिथेच मिटेल.

तुम्हाला स्वतःलाही तपासता येईल, कुणाची परवानगी न घेता. आज दुपारी रेकॉर्ड रूममध्ये बसाल तेव्हा तारीख तिथे बदला. मराठी कीबोर्ड तिथे जोडा. टेबलावर काहीही करू नका. रोजच्यासारखी स्क्रीन लॉक करा आणि या. उद्या सकाळी टेबलावर तारीख सरळ दिसली तर मी म्हणते ते खरं.

तुमचं प्रोफाइल रोमिंग आहे का, हेही पाहता येतं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडा, त्यात ‘जीपीरिझल्ट’, मग स्पेस, मग तिरपी रेघ आणि लगेच ‘आर’, असं इंग्रजीत टाइप करून एंटर. जी लांब यादी येईल तिच्यात ‘रोमिंग प्रोफाइल’ अशी एक ओळ असेल. तिच्यापुढे सर्व्हरचा पत्ता असेल तर बिऱ्हाड पाठीवर आहे. ‘एन/ए’ असेल तर माझं सगळं उत्तर फाडून टाका आणि मला परत लिहा.

उपाय सोपा आहे, सवय मोडणं अवघड. रेकॉर्ड रूममधून निघताना लॉक नको, साइन आउट करा. मग टेबलावर सगळं एकदा नीट लावा, प्रिंटरचा तो आगाऊ पर्याय बंद करा, आणि संध्याकाळी टेबलावरून सगळ्यात शेवटी साइन आउट करा. दुसऱ्या दिवसापासून त्रास थांबायला हवा. एखाद्या दिवशी विसरलात आणि जागेवर आल्यावर आठवलं तर परत जाऊन साइन आउट करून या. टेबलावरून निघण्याआधी केलं तरी चालतं, आधी ते आणि मग हे, एवढा क्रम सांभाळा.

पण एका माणसाच्या लक्षात राहण्यावर ऑफिस चालू नये असं माझं मत आहे. रेकॉर्ड रूमसारखा सगळ्यांनी मिळून वापरायचा कॉम्प्युटर असेल तर आयटीवाल्यांनी त्या एका कॉम्प्युटरसाठी ग्रुप पॉलिसीत, म्हणजे नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांना लावायच्या नियमांत, एक ओळ चालू करावी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात सिस्टिम, त्यात युजर प्रोफाइल्स. तिथे ‘प्रिव्हेंट रोमिंग प्रोफाइल चेंजेस फ्रॉम प्रोपगेटिंग टू द सर्व्हर’ हा पर्याय आहे. म्हणजे तिथे गाठोडं उतरेल, पण तिथून परत चढणार नाही. शिपाई आठला बंद करो की बाराला. त्यांचा सर्व्हर ‘विंडोज सर्व्हर 2012’ किंवा त्यापुढचा असेल तर आणखी एक चांगली सोय आहे: प्रत्येकाचा मुख्य कॉम्प्युटर ठरवून द्यायचा, आणि रोमिंग प्रोफाइल फक्त तिथेच उतरवायचं. वीस-पंचवीस माणसं असतील तर एका दुपारचं काम.

आणखी एक, हे महत्त्वाचं. गेल्या पाच महिन्यांत उलट्या फॉरमॅटमध्ये तुम्ही स्प्रेडशीटमध्ये ज्या तारखा टाकल्या त्या तपासा. तुम्ही 13/05/2025 टाकलंत तर तेरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न होता नुसता मजकूर होतो आणि रकान्याच्या डाव्या कडेला चिकटतो. ती चूक दिसते तरी. पण 04/05 टाकलंत तर कॉम्प्युटर मुकाट्याने ती 5 एप्रिल धरतो, तारीख म्हणून उजवीकडे नीट उभी करतो, आणि कुणाला काही कळत नाही. डावीकडे गेलेल्या सोडा, त्या ओरडून सांगतात. उजवीकडच्या पाहा, त्यातही दिवस 12 किंवा त्याहून कमी असलेल्या. व्हाउचरशी ताडून पाहण्याला दुसरा इलाज नाही. हा प्रश्न सुटेपर्यंत तारीख वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी लिहा, मधे आडवी रेघ: 2025-05-04. फॉरमॅट सरळ असो की उलटा, ती 4 मेच धरली जाते.

प्रश्न: परवा सकाळी लॉगिन केलं तर डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर गेलेला, एकही आयकॉन नाही. कोपऱ्यात काहीतरी सूचना आली ती घाईत बंद केली. काम तर करायचं होतं, म्हणून नव्याने रिपोर्ट लिहिला, दिवसभर बसून, आणि डेस्कटॉपवर सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं तर जुना डेस्कटॉप परत आलेला, सगळे आयकॉन जागच्या जागी. पण तो रिपोर्ट नाही. सर्च करून दमलो. कुठे असेल?

उत्तर: वाईट बातमी आधी. तो बहुतेक नाहीच.

घाईत बंद केलेल्या सूचनेत लिहिलं होतं की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात. काही कारणाने विंडोजला तुमचं गाठोडं उघडता आलं नाही. अशा वेळी ते तुम्हाला बाहेर उभं करत नाही, युजर्स फोल्डरमध्ये ‘टेम्प’ नावाचं कोरं बिऱ्हाड मांडून देतं. दिवसभर तुम्ही त्यात राहिलात. साइन आउट करताना विंडोजने ते सामानासकट मोडलं. रिपोर्ट त्यात होता. कुणाला मेल केला होता का? छापला होता का? ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिलात त्याची आपोआप जपलेली प्रत बहुधा त्याच टेम्पमध्ये असते, त्यामुळे तिथेही फार आशा ठेवू नका. नेटवर्कच्या सामायिक ड्राइव्हवर चुकून एखादी प्रत टाकली असेल तर तीच काय ती वाचली असेल.

यापुढे एक सवय करा. लॉगिन केल्यावर डेस्कटॉप अनोळखी दिसला तर काहीही सेव्ह करू नका. साइन आउट नव्हे, थेट रीस्टार्ट. कित्येकदा तेवढ्याने भागतं, कारण अँटिव्हायरस किंवा बॅकअपने ती एनटीयूजर डॉट डॅट नेमकी त्या क्षणी धरून ठेवलेली असते. तुमच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी आपोआप सुरळीत झालं त्यावरून तसंच काहीसं दिसतं. डिस्क काठोकाठ भरली असली तरी असं होतं, ते मात्र पाहून घ्या.

रीस्टार्ट करूनही टेम्पच उघडत असेल तर आयटीवाल्यांना बोलवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या रोजनिशीत, अ‍ॅप्लिकेशनच्या यादीत 1511 आणि 1515 या क्रमांकाच्या नोंदी दिसतील. पहिली सांगते, प्रोफाइल सापडलं नाही, तात्पुरतं दिलं. दुसरी सांगते, मूळ प्रोफाइलची नोंद बाजूला जपून ठेवली आहे, पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करू. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, ‘प्रोफाइललिस्ट’ नावाची जागा आहे. तिथे तुमच्या लांबलचक ओळख क्रमांकाच्या दोन नोंदी दिसतील, एक साधी आणि एक शेपटाला ‘डॉट बीएके’ लावलेली. बीएकेवाली खरी, ती तुमच्या जुन्या फोल्डरकडे बोट दाखवते. साधी नोंद बाजूला करून हिचं शेपूट काढायचं. हे काम ज्याला येतं त्यानेच करावं, आणि आधी रजिस्ट्रीची प्रत काढून.

आयटीत काम करणाऱ्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. जागा करायची म्हणून सोडून गेलेल्या कुणाचं युजर्समधलं फोल्डर नुसतं उचलून डिलीट करू नका. फोल्डर जातं, प्रोफाइललिस्टमधली नोंद राहते. तो माणूस परत आला आणि त्याने लॉगिन केलं की नोंद म्हणते घर आहे, जाऊन पाहावं तर भिंती नाहीत, आणि त्याच्या नशिबी टेम्प येतं. सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये युजर प्रोफाइल्सची यादी असते, तिथून काढा, म्हणजे दोन्ही जातं.

प्रश्न: लग्नानंतर आडनाव बदललं. ऑफिसने माझं युजरनेमही बदलून दिलं, लॉगिन नव्या नावाने होतं. पण युजर्समधलं फोल्डर अजून माहेरच्याच आडनावाचं आहे. मी त्याला रीनेम करू का?

उत्तर: अजिबात नको!

विंडोज तुम्हाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला एक ओळख क्रमांक असतो, त्याला एसआयडी म्हणतात, एस-1-5-21 ने सुरू होणारा लांब आकडा. नाव बदललं तरी तो बदलत नाही, म्हणून तुमची सगळी सेटिंग आणि परवानग्या नव्या नावाखाली जशाच्या तशा आल्या. फोल्डरचं नाव म्हणजे पहिल्या दिवशी दाराला लावलेली पाटी. ती जुनी राहिली म्हणून घर दुसऱ्याचं होत नाही. पण तुम्ही ती बदललीत तर प्रोफाइललिस्टमधला पत्ता चुकेल, शिवाय कित्येक प्रोग्रॅम जुना रस्ता आपल्या आत लिहून ठेवतात, ते वाट चुकतील, आणि वरच्या वाचकांसारखं तुम्हीही टेम्पमध्ये जाऊन पडाल.

उलट प्रकारही होतो, तो जास्त त्रासाचा. ‘नाव बदलण्यापेक्षा जुनं खातं काढून टाकतो आणि नवं करतो,’ असं कुणी सुचवलं तर हो म्हणू नका. नाव तेच दिलं तरी एसआयडी नवा, म्हणजे विंडोजच्या लेखी माणूस नवा. जुनं फोल्डर तिथेच, पण त्याची दारं तुम्हाला बंद, आणि शेजारी तुमच्या नावाला टिंब देऊन नेटवर्कचं नाव जोडलेलं एक कोरं फोल्डर उभं राहील.

तर पाटी जुनीच राहू द्या. ती तुमच्याशिवाय कुणी वाचतही नाही.